यादीतून गळलेलं गाव

कचेरीत त्याला सगळे रुजवातनाना म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच बापडं पडून होतं. नाना नक्कल-कारकून. म्हणजे असलेल्या कागदावरून तसाच दुसरा कागद उतरवणारा. उतरवून झाला की एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवत ऐकायचं, चुकलं असेल तिथं तांबड्या शाईनं दुरुस्त करायचं, आणि तळाला दोघांनी सह्या करायच्या. या कामाला म्हणतात रुजवात. एकतीस वर्षं नाना हेच करत आला होता. मूळ कागद डाव्या हाताला ठेवायचा शिरस्ता, त्यामुळं मान कायमची डावीकडे कलली होती. रस्त्यानं चालला की वाटायचं, हा माणूस घरांच्या भिंती वाचत चाललाय.

"जेवताना तरी ताटाकडे सरळ बघा," बायको म्हणायची. "आणि मला डावीकडे बसवू नका. मी काय तुमची मूळ प्रत आहे?"

मुलूख तोच होता, माणसं तीच होती, नदीसुद्धा आपल्या जुन्या अंगानंच वाहत होती. सुभा मात्र कधी एका आकाराचा राहिला नाही. नाना नोकरीला लागला तेव्हा लष्करी साहेब कारभार बघायचे. मग मुलकी साहेब आले, त्यांनी लष्करी साहेबांचं सगळं दप्तर नव्या तक्त्यांत उतरवून घेतलं. पुढं राजधानीत कुणाच्या तरी मनात आलं की सुभा फार मोठा झालाय, तेव्हा त्याचे दोन केले. दोन सुभे म्हणजे दोन बंगले आणि दोन साहेब, हे लक्षात यायला त्यांना आठ-नऊ वर्षं लागली. मग पुन्हा सांधले. सांधताना जिल्हे फोडले, तालुके इकडचे तिकडे गेले. एका साहेबाला आकडे उभे लागायचे, दुसऱ्याला आडवे. तिकडं राजधानीत कुणी नकाशावर पट्टी सरकवायचा, आणि इकडं नानाच्या टेबलावर कागदांचा ढीग छातीपर्यंत यायचा. भांडण सासू-सुनेचं आणि भांडी घासायची मोलकरणीनं, तसली गत.

आता चार महिने राहिले होते. मग पेन्शन. नानाच्या मनात फार मोठे बेत नव्हते. सकाळी उठावं, दारात बसावं, आणि दुपारपर्यंत एकही अक्षर वाचू नये, एवढंच.

अशात एका दुपारी अक्का कचेरीत आली. अक्का म्हणजे नानाची थोरली बहीण. नदीच्या वरच्या अंगाला, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर तिचं सासर. नवरा गेला, मुलगा गेला. आता ती आणि सून मिळून तीन तुकडे कसत होत्या. कचेरीची पायरी तिनं जन्मात चढली नव्हती. ती थेट नानाच्या टेबलाशी आली आणि पदरानं मान पुसत म्हणाली,

"धाकट्या, बाहेर फळ्यावर तो कागद डकवलाय, तो कुणी लिहिला?"

"मी. का गं?"

"मग आमच्या गावानं तुझं काय घोडं मारलं होतं?"

नाना चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिला. कागद त्याच्या ध्यानात होता. सरकार नदीवर बांध घालत होतं. बांध झाला की वरचं खोरं पाण्याखाली जाणार, आणि जी गावं बुडणार त्यांना वरच्या माळावर जमिनीच्या बदली जमीन मिळणार. त्या गावांची ती यादी.

"आमच्या वरचं गाव आहे त्यात," अक्का म्हणाली. "खालचं आहे. मधलं आमचं तेवढं नाही. पाणी काय उडी मारून जाणार आहे?"

"मागल्या बाजूला असेल."

"मागं नुसती भिंत आहे. शिपायाकडून उलटवून बघितलं मी, उगाच नाही आले. ते मोजणीवाले आले होते ना, त्यांनाही विचारलं. म्हणाले, बाई, आमच्या कागदावर इथं पडीक रान आहे. म्हटलं, मेल्यांनो, पडीक रानात मग आत्ता तांब्याभर पाणी कुणी दिलं तुम्हाला?"

"अगं, पण सरकारी माणूस वर्षातनं एकदा तरी गावात येतोच की. सारा मागायला, जनावरं मोजायला."

"चौदा वर्षं झाली, कुणी फिरकलं नाही. लस टोचणारासुद्धा नाही."

"आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत?"

"वाघ वाट चुकला म्हणून त्याला कुणी हाक मारतं का रे?"

शेजारच्या टेबलावरचा एक कारकून फिसकन हसला. नानाला हसू आलं नाही. चौदा वर्षं हा आकडा त्याच्या ओळखीचा होता. चौदा वर्षांपूर्वीच वरच्या खोऱ्याचा जिल्हा वेगळा झाला होता, आणि त्या जिल्ह्यातल्या गावांची वही नानाच्याच हातची होती.

"तू घरी जा," तो अक्काला म्हणाला. "मी बघतो."

"बघतो म्हणू नकोस. सरकारी माणसं बघतो म्हणतात तेव्हा डोळे मिटलेले असतात त्यांचे."

ती गेल्यावर नाना दप्तरखान्यात गेला. लांबोडकी खोली, दोन उंच खिडक्या, भिंतीला भिंत लावून फळ्या, आणि फळ्यांवर कापडाच्या रुमालात बांधलेले कागद. नव्या वहीत त्यानं अक्काचं गाव शोधलं. नव्हतं. मग शिडी लावली आणि अगदी वरच्या फळीवरची जुनी वही खाली घेतली. एका गावाला एक पान अशी ती जाडजूड वही होती: गावाच्या चार हद्दी, विहिरी, घरं, शेतं. जिल्हा फुटल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. रुमालाची गाठ सोडताच असा वास आला की नानाला पाच-सहा शिंका आल्या.

त्यानं पानं मोजत उलटली. अक्काच्या वरचं गाव आलं. पुढचं पान उलटलं, तर एकदम खालचं गाव. नानानं ते पान चिमटीत धरून पाहिलं. जाड लागलं. दोन पानं होती ती. कुणा जुन्या कारकुनानं फाटलेली कड खळ लावून सांधली होती आणि खळीनं पुढचं पानही धरून ठेवलं होतं. नानानं रुमालाचं टोक पाण्यात बुडवून कडेनं फिरवलं, तिथंच जमिनीवर बसून राहिला, आणि पाव तासानं नखानं पान हळूच सोडवलं. आत अक्काचं गाव होतं. चार हद्दी, दोन विहिरी, एकसष्ट घरं. अक्षर स्वच्छ.

आणि मग त्याला तो दिवस आठवला. नव्या जिल्ह्याची वही दोन प्रतींत करायची होती, एक इथं राहणार, एक राजधानीला जाणार. पहिली प्रत नानानं जुन्या वहीवरून उतरवली. दुसरी त्याच्या जोडीदारानं नानाच्या प्रतीवरून. तो जोडीदार बसल्या बसल्या पेंगायचा, म्हणून त्याचं नाव डुलक्या. जिल्हा नवा, म्हणून गावांना आकडेही नव्यानं घातलेले. एक गाव कमी आहे हे आकड्यांवरून कळायला वाव नव्हता. राहिली रुजवात. उकाडा मरणाचा, साहेबाला कागद संध्याकाळच्या टपालात हवे, आणि ती जुनी वही उघडली की नानाला शिंकांवर शिंका. नाना म्हणाला, "ठेव रे ती वर. तू तुझी वाच, मी माझी बघतो." डुलक्यानं आपली प्रत वाचली, नानानं आपल्या प्रतीवर बोट फिरवलं. काना-मात्रेचा फरक निघाला नाही. निघणार कुठून? दोघं भाऊ एकमेकांची साक्ष देत होते, बापाला कुणी विचारलंच नाही. एवढी बिनचूक रुजवात आयुष्यात झाली नव्हती, म्हणून दोघांनी शिवाय बाहेर जाऊन चहा घेतला होता.

दुसऱ्या दिवशी नानानं ते पान शिरस्तेदारापुढं ठेवलं. शिरस्तेदार म्हणजे कचेरीतल्या सगळ्या कारकुनांचा मुख्य. वयानं नानाहून लहान, पण डोक्यावरचे केस आधीच गेलेले. त्यानं पान बघितलं, दार लोटून घेतलं.

"नाना, हे पान तुम्ही कुणाला दाखवलंत?"

"तुम्हालाच, रावसाहेब."

"मग पुन्हा चिकटवा."

"बहिणीचं गाव आहे ते."

शिरस्तेदारानं कपाळ चोळलं. "हे बघा. नव्या वहीवर तेव्हाच्या साहेबाची सही आहे. तो आता राजधानीत कुठल्या खुर्चीवर बसलाय, ठाऊक आहे ना? त्याच्या सहीखाली चूक नसते. चूक असते ती कारकुनाच्या सहीखाली."

"म्हणजे गाव आता वहीत घालताच येणार नाही?"

"येईल की. नवी वस्ती म्हणून आजच घालू. कुणाच्या केसाला धक्का नाही."

"नवी म्हणून घातलं तर बदली जमीन मिळेल?"

"नाही. बांधाची मोजणी झाल्यावर बसलेल्या वस्तीला जमीन नाही."

"दोन विहिरी आहेत हो तिथं. त्यातली एक माझ्या अक्काच्या आजेसासऱ्याच्याही आधीची आहे."

"विहिरीला सही करता येते का?" शिरस्तेदार म्हणाला. मग आवाज खाली आणला. "एक वाट आहे. नियमात हस्तदोष म्हणून प्रकार आहे. नक्कल करणाऱ्याच्या हातून चूक झाली, मूळ पान समोर आहे, आणि कुणाच्या हातून झाली ते लेखी आहे, असं असेल तर मागच्या तारखेपासून दुरुस्ती होते. पण ज्याचा हात, त्याची नोकरी जाते. तुम्हाला चार महिने राहिलेत."

"हो."

"डुलक्या जाऊन किती वर्षं झाली?"

नाना सुटलेल्या पानाची कड सारखी करू लागला.

"सही त्याचीही आहे ना? वाचत तो होता. पेंगायचा हे अख्ख्या कचेरीला ठाऊक. त्याच्या वाचण्यात पान सुटलं असं लिहा. बायको नाही, पोर नाही, मागं कुणी रडणारं नाही. मेलेल्याला कोण बडतर्फ करतं? गावाला जमीन मिळाली, तुम्हाला पेन्शन मिळालं. मी इतकं चांगलं कुणाला सुचवत नाही, नाना."

घरी नानानं बायकोला सगळं सांगितलं. ती ताटं मांडत होती. ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "मग लिहा की त्याचं नाव. अडलंय कुठं?"

"वही मी ठेवायला सांगितली होती."

"तुम्ही सांगितली आणि त्यानं ठेवली. तोंड नव्हतं त्याला? नको म्हणायचं होतं."

"तो पेंगत होता गं."

"तेच तर लिहायचंय!" ती ताट जरा जोरातच ठेवून समोर बसली. "एकतीस वर्षं तुमची मान सरळ करायला मी तेल चोळतेय. रात्री झोपेत तुम्ही 'स्वल्पविराम' म्हणता. आता चार महिन्यांवर आलंय तर तुम्हाला खरेपणाची उबळ आली. अक्काचं गाव बुडू दे असं म्हणत नाहीये मी. डुलक्याचं नाव बुडू दे म्हणतेय. ते तसंही कुणी घेत नाही."

यात चूक काढायला नानाला जागा सापडली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं तसा कागद लिहिला. चांगला दीड पान, वळणदार. जोडीदार वाचत असताना त्याची डुलकी लागली, त्यामुळं एक पान वाचायचं राहिलं, वगैरे. लिहून झाल्यावर सवयीनं कागद उजवीकडे सरकवला आणि रुजवात घ्यायला बसला. डावीकडे मूळ कागद नव्हता. मूळ होतं ते त्याच्या डोक्यात, आणि त्यात 'ठेव रे ती वर' असं त्याच्याच आवाजात लिहिलेलं होतं. दोनदा वाचून पाहिलं. जमेना. नाना काही सत्याचा पुतळा नव्हता. कचेरीतली शाई आणि टाक त्याच्या घरी सर्रास असायचे. पण खोटी नक्कल म्हणून एखादा कागद समोर आला की त्याच्या बोटांना मुंग्या यायच्या, हा शरीराचाच दोष म्हणायचा. खरं तर तो इतका थकला होता की ही एक वाढीव गोष्ट पुढं जन्मभर लक्षात ठेवायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. खरं लिहिलं की विसरता येतं. त्यानं कागद फाडला आणि अर्ध्या पानात संपवलं: जुनी वही वर ठेवायला मी सांगितलं, मूळ न बघता रुजवात घेतली, हात माझा.

शिरस्तेदारानं ते वाचून नुसती मान हलवली आणि त्याला साहेबापुढं नेलं. साहेब कोवळा होता, नवीनच आलेला. इकडची भाषा तो घोड्याच्या मोतद्दाराकडून शिकला होता, त्यामुळं माणसाशी बोलतानाही घोड्याशी बोलल्यासारखाच बोलायचा.

"थांब," साहेब म्हणाला. नाना उभाच होता. "हात कुणाचा?"

"माझा, साहेब."

"दुसरी सही?"

"तो वाचत होता. वही मी ठेवायला लावली."

साहेबानं ते सुटलेलं पान खिडकीकडे धरून बघितलं, नव्या वहीतली त्या मोठ्या साहेबाची सही बघितली, मग नानाकडे बघितलं. "नोकरी किती राहिली?"

"चार महिने."

"तू मूर्ख?"

"असेन, साहेब."

साहेबानं टाक उचलला, अर्जाच्या समासात स्वतःच्या भाषेत चार ओळी खरडल्या आणि म्हणाला, "चल."

दुपारी शिरस्तेदारानं त्या चार ओळींवरून हुकमाचा मसुदा केला आणि तो नानाच्याच टेबलावर आणून ठेवला. तोंड दुसरीकडे करून म्हणाला, "स्वच्छ प्रत हवीय. दुसऱ्या कुणाचं अक्षर साहेबाला लागत नाही. नाइलाज आहे, नाना."

नानानं आपल्या बडतर्फीची स्वच्छ प्रत काढली. निष्काळजीपणाबद्दल आजपासून दूर करण्यात येत आहे. दीर्घ नोकरी लक्षात घेऊन निम्मं पेन्शन. सदर गाव वहीत दाखल करण्यात यावं. ओळी सरळ आल्या. 'निष्काळजी' हा शब्द तर फारच सुरेख उतरला.

"आता रुजवात," नाना म्हणाला.

"राहू द्या हो आज," शिरस्तेदार म्हणाला. "मसुदा मीच केलाय, प्रत तुम्हीच काढलीय. सही करतो मी."

"मसुदा नको. साहेबाच्या हातचं मूळ आणा आणि त्याच्यावरून वाचा."

"अहो, आता तुम्ही या कचेरीचे नोकरसुद्धा नाही!"

"म्हणूनच. मला दुसरं काम नाही."

शिरस्तेदार कुरकुरत अर्ज घेऊन आला. साहेबाच्या चार ओळी एकेक शब्द इकडच्या भाषेत करत वाचू लागला, आणि नाना प्रतीवर बोट फिरवत गेला. तिसऱ्या ओळीत शिरस्तेदार म्हणाला, "सदर गाव मूळ तारखेपासून वहीत..." आणि थांबला.

नानाचं बोटही थांबलं होतं. "मूळ तारखेपासून हे इथं नाही."

शिरस्तेदारानं मसुदा बघितला. तिथंही नव्हतं. त्याच्याच हातून राहिलं होतं. ते दोन शब्द नसते तर गाव आजच्या तारखेला जन्मलं असतं, नवी वस्ती म्हणून, आणि जमीन गेली असती. नानाची नोकरी जायची ती गेलीच होती. शिरस्तेदाराचं टक्कल घामानं चमकलं.

"मुद्दाम नाही हो केलं," तो म्हणाला. "आईशप्पथ."

"ठाऊक आहे," नाना म्हणाला. "मीही मुद्दाम केलं नव्हतं." त्यानं तांबडी शाई घेतली, शब्द घातले, दोघांनी बाजूला सह्या केल्या. मग त्यानं टाक पुसून ठेवला आणि चपला घातल्या.

बायको आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "निम्म्या पेन्शनमध्ये तेल बसत नाही. मान तशीच राहू दे." त्यावर नानानं कचेरीसमोरच्या रस्त्यावर, चहाच्या दुकानाच्या कडेला लोकांचे अर्ज लिहायला बसायला सुरुवात केली. म्हणजे दुपारपर्यंत अक्षर न वाचण्याचं राहिलंच.

फळ्यावर नवी यादी लागली, तिच्यात अक्काचं गाव वरच्या आणि खालच्या गावांच्या मधे आलं. गावातल्या लोकांनी नानाला दुवा दिला असंही नाही. चौदा वर्षं विसरलेला सारावाला आता दुसऱ्याच आठवड्यात दारात आला, तेव्हा कारभाऱ्यानं चारचौघांत अक्काला ऐकवलं, "तुझ्या भावानं वाघाला पत्ता दिला." अक्का म्हणाली, "मग तू राहा पाण्यात. माशांचा कारभारी हो."

पाणी चढायला दोन महिने होते तेव्हा गाव हलायला लागलं. नाना आणि त्याची बायको अक्काकडे गेले. खरं तर बायकोच म्हणाली, त्या दोघी बाया कुठं पुऱ्या पडणार. तिनं गेल्या गेल्या पदर खोचला आणि सुनेबरोबर भांडी पोत्यात भरायला लागली. घरावरची कौलं उतरली होती, वासे निघाले होते. आत ऊन पडलेलं स्वयंपाकघर परक्यासारखं दिसत होतं. अक्का दाराच्या बिजागऱ्या ठोकून काढत होती.

"वरची जमीन बघितलीस का?" नानानं विचारलं.

"बघितली. तुझ्या सरकारनं फार मन मोठं केलंय. कुदळ मारली की ठिणगी उडते."

"नको होती का?"

"नको कशी?" अक्का हातोडी टाकून त्याच्याकडे वळली. "ती खालच्या गावाची म्हातारी म्हणते, असली जमीन देण्यापेक्षा बुडवलं असतं तर बरं. म्हटलं, तू बूड. मी दगड वेचीन. सून आहे, सुनेला पोरगी आहे. दोन वर्षं वेचू, तिसऱ्या वर्षी पेरू. तू आता उभा राहून हद्दी वाचू नकोस. दाराची ती बाजू धर."

दार जुनं, जाड फळ्यांचं, दोघांच्या वयाच्या मानानं भलतंच जड. माळावर जायची वाट चढाची. नाना पुढं, अक्का मागं. मान डावीकडे असल्यामुळं नानाला वाट धड दिसत नव्हती आणि अक्का मागून "उजवीकडे! अरे, तुझ्या उजवीकडे!" म्हणून ओरडत होती. खाली खोऱ्यात एकसष्ट घरांपैकी निम्मी उघडी बोडकी झाली होती. बाकीच्यांवर माणसं चढून कौलं उतरवत होती. दोनदा थांबून ती दोघं निम्म्या चढावर आली. तिसऱ्यांदा दार जमिनीवर आडवं टेकवलं आणि अक्का त्याच्यावरच बसली. नानाही बसला. दोघांचेही श्वास भात्यासारखे चालले होते.

"दमलास?" अक्कानं विचारलं.

"दमलो."

"मग बस. दार काही पळून जात नाही."